नेम आणि नळी

खंडेनवमीच्या सकाळी धारमधील जुन्या मराठी वाड्यांतून अजूनही एक दृश्य पाहावयास मिळते. देवघरामागच्या खोलीतून तलवार, कट्यार, एखादी ठासणीची बंदूक आणि घरात परवाना असेल तर आजोबांच्या वेळची रायफल बाहेर येते. सतरंजीवर ही शस्त्रे मांडली जातात. पितळेला चिंच लागते, दस्त्याला तेल लागते, नळीवरून मऊ फडके फिरते; मग हळदकुंकू, झेंडूचे फूल आणि नैवेद्य. मुले हळूच हात लावू पाहतात आणि बोलणी खातात. अठराव्या शतकात पवारांच्या घोड्यांबरोबर माळव्यात आलेल्या आपल्या घरांनी जे थोडे कुळाचार जिवापाड जपले, त्यांपैकी हा एक.

लहानपणापासून मी हे पाहत आलो आहे. परंतु एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. बंदूक बाहेरून लखलखीत करणारे हात पुष्कळ पाहिले. तिच्या नळीत आतून काय आहे, हे उजेडाकडे धरून पाहणारा डोळा मात्र मी एकाही घरी पाहिला नव्हता. आणि बंदुकीचे सारे सत्य तर त्या आतल्या बाजूलाच असते.

नेम म्हटला की आपल्याला द्रोणाचार्यांची परीक्षा आठवते. पक्ष्याचा डोळा तेवढा दिसणारा अर्जुन उत्तीर्ण झाला, बाकीचे नापास झाले. मी मास्तर असल्याने ही गोष्ट वर्गात किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. पण धनुष्याची दोरी सर्वांसाठी सारखी ताणलेली होती की नाही, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि मलाही तो सुचला नाही. तो प्रश्न मला एका रायफलने शिकवला. ती हकीकत पुढे येईलच; आधी नळीची ओळख करून घेऊ.

मळसूत्राचा गुण

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत आतून मळसूत्राप्रमाणे वळत गेलेल्या खाचा असतात. गोळी या खाचांत घट्ट रुतून पुढे सरकते, त्यामुळे तिला स्वतःभोवती गिरकी मिळते. भोवरा फिरत असेतो जसा तोल सांभाळून उभा राहतो, तशी गिरकी घेणारी गोळी हवेत आपले तोंड पुढे ठेवून जाते, कोलांट्या खात नाही. रायफलच्या नेमकेपणाचे हेच मूळ आहे.

या गुणातच तिची नाजूक बाजूही आहे. गोळी नळीला घासूनच जाणार, म्हणजे प्रत्येक गोळीगणिक काहीतरी मागे राहणार: जळलेल्या दारूची काजळी, गोळीचे शिसे, तिच्या आवरणाचे तांबे. हा मळ अगदी थोडा असतो, परंतु पुढच्या गोळीची वाट त्याच्यावरूनच जाते. म्हणजे प्रत्येक गोळी आधीच्या गोळ्यांनी मागे ठेवलेल्या मार्गावरून चालते. गोळी कोठे लागेल हे नेमबाजाच्या डोळ्याइतकेच या मार्गावरही अवलंबून असते.

सत्तावनची चरबी कशासाठी होती?

हा मळ इतिहास घडवू शकतो, याचा पुरावा आपल्या घराजवळच आहे. १८५७ च्या उठावाचे एक निमित्त चरबी लावलेली काडतुसे हे होते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु काडतुसाला चरबी लावण्याची गरजच का पडली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितलेले नसते.

तोवर शिपायांच्या हाती असलेली बंदूक गुळगुळीत नळीची होती. तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान असे, त्यामुळे तोंडाकडून सहज आत जाई. पण शंभर पावलांपलीकडे ती कोठे लागेल याचा भरवसा नसे. नवी एनफील्ड रायफल १८५३ च्या नमुन्याची होती. नळीत तीन खाचा, आणि गोळीचा बुडखा असा घडवलेला की बार उडताच तो फुगून खाचांत बसावा. गोळी सैल जावी आणि घट्ट होऊन बाहेर पडावी, अशी ही युक्ती. पल्ला आणि नेमकेपणा एकदम कित्येक पटींनी वाढला.

अडचण होती ती काळ्या दारूची. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन राहतो. काही धुरावाटे जातो, उरलेला नळीला चिकटतो. दमट हवेत तो चिखलासारखा मऊ राहतो, पण आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची कडक पापडी धरते. थोडे बार झाले की गोळी गजाने ठासूनही खाली उतरेना, आणि उतरली तरी खाचांत नीट बसेना. यावरचा उपाय म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला स्निग्ध लेप दिला जाई. तो लेप पापडी मऊ ठेवी आणि जाता जाता नळी पुसूनही काढी. तात्पर्य, ती चरबी नळीच्या सफाईसाठी होती.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे या लेपाविषयीची कुजबुज सुरू झाली. पुढे स्वतः मेण आणि तेल लावण्याची मुभा शिपायांना मिळाली, काडतूस दातांनी तोडण्याऐवजी हातांनी फाडण्याची रीत आली, पण तोवर विश्वास तुटला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांची गोळी सुटली आणि १ जुलैला आपल्या महू-इंदूरला आग पोहोचली. वरसईचे विष्णुभट गोडसे याच सुमारास सातपुडा ओलांडून महूजवळ येऊन पोहोचले होते. शिपायांच्या तोंडून काडतुसांची हकीकत त्यांनी तेथे ऐकली आणि पुढे 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवली. ऑक्टोबरमध्ये इंग्रजी फौजेने धारच्या किल्ल्याला वेढा घातला. महिनाअखेरीस आतले लोक रात्रीतून निसटून गेले, किल्ला पडला, संस्थान जप्त झाले आणि काही वर्षांनी परत मिळाले. तांबड्या दगडाचा तो किल्ला आजही गावाच्या टेकडीवर उभा आहे.

राज्ये काही एका लेपाने उलथत नाहीत. असंतोषाची कारणे खोल होती. तरीही नळीत उरणाऱ्या मळाकडे केवळ कारागिराची कटकट म्हणून पाहणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. श्रद्धेचा विचार न करता केलेली सफाईही केवढी महाग पडू शकते, हा त्यातला दुसरा धडा.

काजळी, शिसे, तांबे आणि मीठ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली आणि ती पापडी गेली. मळ मात्र गेला नाही, त्याने रूप बदलले. आजच्या रायफलीत तो मुख्यतः चार प्रकारचा आढळतो.

पहिली काजळी. ही सर्वत्र असते, पण काडतूस जेथे बसते त्याच्या थोडी पुढे तिचे कडे धरू लागते. .२२ च्या रायफलीत हे कडे विशेष त्रास देते, कारण गोळी खाचांत शिरते ती नेमकी याच ठिकाणी. दाराच्या उंबऱ्यावरच अडखळली तर पुढची चाल सरळ कशी राहणार?

दुसरे शिसे. .२२ ची गोळी नुसत्या शिशाची असते. तिच्यावर आजही मेणचट लेप असतो. म्हणजे सत्तावनचा तो स्निग्ध लेप नव्या रूपात चालूच आहे. लेप कमी पडला वा नळी आतून खडबडीत असली तर शिसे खाचांच्या कोपऱ्यांत भरते.

तिसरे तांबे. मोठ्या रायफलींच्या गोळ्यांचा वेग फार. उघडे शिसे तो सोसत नाही, म्हणून वर तांबेमिश्रित धातूचे आवरण असते. त्याचा पातळ मुलामा नळीला आतून चढतो. तो सर्वत्र सारखा असला तर फारसे बिघडत नाही. गाठी धरल्या की गोळीवर असमान ओरखडे उठतात, तिचा तोल ढळतो, घर्षण आणि दाब बदलतात, आणि त्यांबरोबर वेगही बदलतो.

चौथे मीठ, हे नेम नव्हे, नळीच खाऊन टाकते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचे मिठासारखे क्षार नळीत राहत आणि हवेतील दमटपणा ओढून घेत. दोन दिवसांत नळी गंजू लागे. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणूनच .३०३ च्या जमान्यातील जुने शिपाई फायरिंगनंतर नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत, ती कोरडी करत आणि मगच तेल देत. नुसते तेल देणारा मिठावर झाकण ठेवत असे. आपल्या धारच्या लाट मशिदीजवळ लोहस्तंभाचे तीन तुकडे पडले आहेत. त्या लोखंडातील फॉस्फरसामुळे पृष्ठभागावर रक्षक थर धरतो, म्हणून शतकानुशतके उन्हापावसात राहूनही ते फारसे गंजलेले नाहीत. रायफलच्या पोलादाला ते भाग्य लाभलेले नाही. तिला माणसाच्या हाताचीच राखण हवी.

एका सकाळची गोष्ट

आता ती हकीकत. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका शासकीय शाळेत मराठी शिकवत असे आणि एन.सी.सी.चे कामही माझ्याकडे होते. वार्षिक शिबिरात नेमबाजीच्या संघासाठी निवड होती. .२२ ची रायफल, पंचवीस यार्ड अंतर, प्रत्येकाला पाच गोळ्या. पाचही गोळ्या जितक्या जवळजवळ लागतील तितका कॅडेट चांगला.

सकाळच्या पहिल्याच तुकडीत नववीतली एक मुलगी होती. आदिवासी पाड्यावरून येणारी, अबोल, अतिशय स्थिर हाताची. सरावात मी तिला पाहिले होते आणि तिचे नाव यादीत पहिले असेल असे मनात धरून चाललो होतो. तिचे निशाणपत्र हाती आले तेव्हा मी चकित झालो. तीन गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ, आणि दोन चांगल्या चार बोटे वर आणि उजवीकडे. पाचांचे माप घ्यायचे असल्याने ती बाद झाली. तिच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने शेरा लिहिला: ‘एकाग्रता कमी.’ ती काही बोलली नाही. सॅल्यूट केला आणि रांगेत जाऊन बसली.

संध्याकाळी शिबिरातले हवालदार माझ्या तंबूत आले. साताऱ्याकडचे, मितभाषी गृहस्थ. कॅडेट त्यांना रिवाजाप्रमाणे ‘उस्ताद’ म्हणत. माझ्याकडची निशाणपत्रे त्यांनी एकेक करून पाहिली आणि त्या मुलीच्या पत्रावर थांबले.

‘‘सर, ही पोरगी पहिल्या डिटेलला होती का?’’

‘‘होय. का?’’

‘‘सकाळी रायफली कोतातून आल्या, तेव्हा नळ्या कोरड्या केल्या होत्या का?’’

मी गप्प झालो. आदल्या महिन्याभर शस्त्रागारात तेल देऊन ठेवलेल्या त्या रायफली. फायरआधी, फायरदरम्यान आणि फायरनंतर सफाई, हा नियम मीच मुलांना फळ्यावर लिहून दिला होता. त्या सकाळी ऊन चढण्याआधी उरकायचे म्हणून मी तेवढी एक पायरी गाळली होती. हवालदार मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तीच रायफल घेतली, चिंदीने नळीत सढळ तेल दिले आणि स्वतः पाच गोळ्या झाडल्या. पहिल्या दोन बाहेर, पुढच्या तीन एकत्र. मग नळी पुसून कोरडी केली, दोन गोळ्या मातीच्या बांधात सोडल्या आणि पुन्हा पाच झाडल्या. पाचही एका ठिकाणी.

‘‘पहिल्या गोळ्या नळी पुसायला जातात, सर,’’ ते म्हणाले. ‘‘त्या पोरीच्या नव्हत्या.’’

संघाची यादी आदल्या रात्रीच गेली होती. ती बदलावी म्हणून मी धडपडलो. उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी तिने एन.सी.सी.त नाव दिले नाही. दहावीनंतर ती गावी परतली.

दहा मिलिमीटरचा हिशेब

तेलाच्या एका थराने एवढे व्हावे, यावर प्रथम विश्वास बसत नाही. म्हणून थोडे गणित करू. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. गोळी स्वतःच सुमारे ५.६ मिलिमीटर जाडीची. तिचा वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर, म्हणजे पन्नास मीटर ओलांडायला तिला एका सेकंदाचा जेमतेम सहावा-सातवा भाग लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे बारा सेंटिमीटर खाली ओढते. नेमबाज माशी लावताना ही घट धरूनच चालतो.

आता नळीच्या अवस्थेमुळे वेगात सेकंदाला दहाच मीटरचा, म्हणजे सुमारे तीन टक्क्यांचा फरक पडला असे समजा. वेळ तीन टक्क्यांनी बदलला की खाली येणे सहा टक्क्यांनी बदलते. बारा सेंटिमीटरचे सहा टक्के म्हणजे सात मिलिमीटर. नेमबाजाचा श्वास, नाडी, बोट, सारे निर्दोष असूनही मधोमध लागावयाची गोळी दहाच्या अगदी कडेला जाऊन पडते. हा झाला केवळ वेगाचा परिणाम. गोळीचा तोल ढळला तर कोणत्याही दिशेला चूक संभवते.

या पातळीवर एक गुण म्हणजे काय, ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसले. ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकाराच्या प्राथमिक फेरीत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ५९० गुणांनी सातवे आले आणि अंतिम फेरीत पोहोचले. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातील ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर यांना ५८९ गुण मिळाले आणि त्यांची वाट तेथेच थांबली. कुसाळे यांनी पुढे ४५१.४ गुणांवर कांस्यपदक जिंकले. त्यांना घडवणाऱ्या दीपाली देशपांडे या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात सहाशेपैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेतेपद पटकावले होते. साठ गोळ्यांत अवघे तीन गुण कमी! अशा खेळात नळीची स्थिती दैवावर सोडून कसे चालेल?

म्हणूनच गुणांच्या गोळ्यांआधी सरावाच्या गोळ्यांसाठी वेळ दिलेला असतो. नेमबाज त्यात वारा आणि उजेड पाहतो, हे खरे. पण त्याच वेळी त्याची नळीही आपल्या नेहमीच्या स्थितीला येत असते.

घासावे किती?

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग प्रत्येक गोळीनंतर नळी घासून लख्ख करावी. येथेच खरी मेख आहे. आपल्या स्वयंपाकघरातला बिडाचा तवा आठवा. तो राखेने खसखसून घासला की पहिले घावन चिकटते, दुसरे फाटते, तिसऱ्यापासून तवा वळणावर येतो. नळीचेही तसेच असते. पूर्ण निर्मळ नळीतून पहिल्या काही गोळ्या वेगळ्याच जातात. मेणाचा आणि काजळीचा एक पातळ, सारखा थर बसला की त्या एकत्र येऊ लागतात. मग बराच काळ नळी स्थिर राहते. पुढे मळ वाढत जातो आणि गोळ्या पुन्हा विखुरू लागतात. घासायचे ते या टप्प्याच्या थोडे आधी.

हा टप्पा किती गोळ्यांनी येतो, याचा सर्व रायफलींना लागू पडणारा आकडा नाही. एकाच कारखान्याच्या दोन नळ्यांचाही स्वभाव वेगळा असतो. जाणते नेमबाज वही ठेवतात: कोणत्या दिवशी साफ केली, त्यानंतर कितव्या गोळीला नेम स्थिरावला, किती गोळ्यांनंतर विखुरला. एकदा ही वही भरली की रायफल आपणहून बोलू लागते.

घासण्याची पद्धतही महत्त्वाची. गज शक्यतो मागील बाजूने, म्हणजे काडतूस जाते त्या बाजूने घालावा आणि तो नळीच्या मधोमध राहील असे पाहावे. नळीच्या तोंडाची कड ही गोळीला स्पर्श करणारी शेवटची जागा. ती एका बाजूने झिजली तर मागून येणारा वायू तेथून आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. पुलथ्रूची दोरी नेहमी एकाच कडेला घासून ओढल्यामुळे बिघडलेल्या .३०३ रायफली पुष्कळ होत्या. मळाने जितक्या नळ्या खराब केल्या, जवळपास तितक्याच चुकीच्या सफाईने केल्या असाव्यात, असे जुने जाणकार म्हणतात ते उगीच नव्हे.

चिंदी एका दिशेने न्यावी, मळलेली पुन्हा आत घालू नये. तांबे काढणारे द्रव असतात. चिंदीवर निळी-हिरवी झाक उतरली की तांबे निघते आहे असे समजावे, झाक थांबली की थांबावे. शेवटी तेलाचा पातळ हात. आणि पुढच्या वेळी झाडण्याआधी तो पुसून नळी कोरडी करणे, जे मी त्या सकाळी विसरलो. शाळांतून दिसणाऱ्या एअर रायफलीत दारू जळत नाही, त्यामुळे तिला फारच थोडी सफाई पुरते. तिच्या नळीत अधूनमधून नमद्याची गोळी सोडली तरी भागते.

घरच्यांसाठी चार शब्द

आपल्या घरांतील मुलेमुली आता इंदूर-भोपाळच्या शूटिंग रेंजवर जाऊ लागली आहेत. महूला सैन्याचे नेमबाजी पथक आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेते विजयकुमार तेथेच तयार झाले. मुलांना आवड असेल तर अवश्य पाठवावे. मात्र नळीत राहणारे शिसे हातांवर आणि कपड्यांवरही येते, आणि शिसे पोटात जाणे घातक, मुलांना तर विशेषच. रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज डब्याला हात लावू देऊ नये. सफाईचे काम उघड्या हवेत करावे.

आणि येत्या खंडेनवमीला घरातील परवान्याचे शस्त्र बाहेर निघेल, तेव्हा ते मोकळे आहे याची घरातील कर्त्या माणसाने प्रथम दोनदा खात्री करावी. रायफल असेल तर मागचा खटका काढून, मागच्या बाजूने उजेडाकडे धरून नळीत एकदा डोळा घालावा. खाचा स्वच्छ दिसतात की आत तांबूस गंज आहे, की कोणे एके काळी अडकून राहिलेली चिंदी आहे? अशी चिंदी आत असताना बार झाला तर नळी फुटू शकते. शंका आली तर स्वतः खटपट न करता परवानाधारक कारागिराला दाखवावे. ठासणीच्या जुन्या बंदुकीत तर आजोबांच्या काळचा बार अजून भरलेला असू शकतो. तिच्या नळीत पाहण्याचे काम कारागिरावरच सोपवावे.

त्या मुलीचे निशाणपत्र मी टाकले नाही. बदल्या झाल्या, घरे बदलली, तरी ते माझ्या कपाटातील एका पुस्तकात राहिले. गेल्या वर्षी शाळेत प्रवेशाच्या दिवसांत एक बाई आपल्या मुलीला घेऊन माझ्या खोलीत आल्या. मी ओळखले नाही; त्यांनी ओळखले आणि सवयीने ताठ उभ्या राहिल्या. मुलीचा अर्ज भरून झाल्यावर मी त्यांना बसवून घेतले आणि त्या सकाळची सारी गोष्ट सांगितली: तेल, न पुसलेली नळी, हवालदारांच्या पाच गोळ्या, आणि माझा तो शेरा.

त्या बराच वेळ खाली पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘सर, मैं तो इतने साल यही समझती रही कि मेरा हाथ हिल गया था.’’

दुसऱ्या दिवशी मी ते निशाणपत्र घेऊन शाळेत गेलो. माझा शेरा खोडला, खाली नवा लिहिला, सही केली, तारीख घातली आणि त्यांच्या मुलीच्या हाती घरी पाठवले. पंचवीस वर्षांनी दुरुस्त केलेल्या शेऱ्याला सरकारी दप्तरात किंमत नसते, हे मला माहीत आहे. तरीही तेव्हापासून एखाद्या मुलाचा पहिला पेपर बिघडलेला दिसला की लाल पेन्सिल हाती घेण्याआधी मी थोडा थांबतो, आणि नळी कोरडी होती ना, एवढे मनाशी विचारून घेतो.